कॅनचे अल्बम कुठल्या क्रमानं ऐकावेत? 'टागो मागो'च्या निम्म्यात अडकलंय

रंकाळा_वारा

कॅन या जर्मन बँडचे अल्बम कुठल्या क्रमानं ऐकावेत? 'टागो मागो'नं सुरुवात केली. पहिली चार गाणी एकदम कडक, 'हॅलेलुवा'चा ठेका तर डोक्यातनं हलायला तयार नाही. पण पुढं 'ऑम्ग्न' लागलं की सतरा-अठरा मिनिटं नुसती घरघर आणि हेल काढून ओरडणं. 'पेकिंग ओ' निम्म्यात बंद केलं. हे मुद्दाम असंच आहे, की माझ्या ऐकण्यातच काही चुकतंय?

पुढच्या शनिवारी राजारामपुरीत एका गाळ्यावर पाच-सहा जण ऐकायला बसणार आहोत. त्यात दोघं हलगीवाले, एक तबल्याचा. गिटारच्या सोलोचं कुणालाच कौतुक नाही. त्यांना पहिल्यांदा काय लावावं? आणि हे सगळं खरंच जागच्या जागी सुचलेलं असतं, की आधी बसवलेलं?

उद्यमनगरचा_फिटर

भावा, तुझं काही चुकत नाही. 'टागो मागो' (१९७१) हा मुळात दोन तबकड्यांचा अल्बम. पहिलीवर गाणी, दुसरीवर बहुतेक प्रयोग. ते प्रयोगही बाहेर यावेत हा आग्रह की-बोर्डवाल्या इर्मिन श्मिटच्या बायकोचा, हिल्डेगार्डचा. पुढं तीच बँडचा सगळा कारभार बघायला लागली. सीडीवर आणि फोनवर हे सगळं सलग ७३ मिनिटं वाजतं, त्यामुळं 'हॅलेलुवा'त रमलेला माणूस थेट 'ऑम्ग्न'मध्ये जाऊन पडतो. तबकडी बदलायला उठावं लागायचं तेव्हा तिथं आपोआप दम घेता यायचा. आता ते स्वतः करायचं: 'हॅलेलुवा' संपलं की बंद. उरलेलं दुसऱ्या दिवशी, आणि ते लावताना ठेक्याची वाट बघायची नाही.

सुरुवात 'एगे बाम्यासी'नं (१९७२) करा. सात गाणी, ४० मिनिटं, कव्हरवर भेंडीचा डबा. त्यातलं 'सूप' तेवढं निम्म्यानंतर बिथरतं, बाकी सगळं लगेच अंगात भिनतं. मग 'फ्यूचर डेज' (१९७३), मग 'टागो मागो'ची पहिली तबकडी, मग मागं जाऊन 'मॉन्स्टर मूव्ही' (१९६९). तिथं गायक वेगळा आहे, अमेरिकन माल्कम मूनी. जपानी डामो सुझुकी १९७० मध्ये आला. दोघांमधला फरक एकाच ठिकाणी ऐकायचा तर 'साउंडट्रॅक्स' (१९७०). सिनेमांसाठी केलेल्या संगीताची ती गोळाबेरीज आहे, पण 'मदर स्काय'ची चौदा मिनिटं चुकवू नका.

आता तुझा दुसरा प्रश्न. आधी बसवलेलं नसतं, पण जसं वाजलं तसंच्या तसंही आपल्यापर्यंत येत नाही. ही मंडळी तासन्‌तास वाजवायची, टेप चालूच. नंतर बासवाला होल्गर चुकाय ती टेप कापून जोडायचा. चुकाय आणि श्मिट दोघंही श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराकडं शिकलेले, त्यामुळं कात्री चालवणं हाही त्यांच्या लेखी रचनेचाच भाग. 'मॉन्स्टर मूव्ही'वरचं 'यू डू राइट' वीस मिनिटांचं आहे, तेही कितीतरी लांब वाजवण्यातनं काढलेलं. 'टागो मागो'च्या वेळी तर वादक मधल्या सुट्टीत नुसते चाचपडत असतानाही चुकाय गुपचूप टेप चालू ठेवायचा, आणि त्यातले तुकडे अल्बमात आले.

हे कानानं पडताळता येतं. 'द लॉस्ट टेप्स' (२०१२) मधलं 'डेड पिजन स्वीट' लावा, अकरा-बारा मिनिटांचं आहे. भटकत भटकत त्यात 'व्हिटॅमिन सी' सापडतं, अजून कच्चं. लगेच त्याच्या पाठोपाठ 'एगे बाम्यासी'वरचं साडेतीन मिनिटांचं 'व्हिटॅमिन सी' लावा. काय ठेवलं नि काय गाळलं ते कुणी सांगायची गरज राहत नाही. 'अ स्वान इज बॉर्न' आणि 'सिंग स्वान साँग' ही दुसरी जोडी.

सम_आणि_खाली

क्रम बरोबर. फक्त हलगी-तबलावाले बसणार असतील तर त्यांना आधी ड्रमवाल्याकडं लक्ष द्यायला सांगा, याकी लीबेत्साइट. लोक त्याला मशीन म्हणून मोकळे होतात. तो आला फ्री जॅझमधनं, जिथं ठेका धरणंच वर्ज्य, आणि तिथनं तो मुद्दाम एकाच आवर्तनावर येऊन बसला. 'हॅलेलुवा'त साडेअठरा मिनिटं मूळ आकृती तीच राहते. पण मोठ्या घावांच्या मधे स्नेअरवर (खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर) जे हलके बोल पडतात ते बदलत राहतात. हलगीवाल्याला हे चटकन उमगेल: जाड काठीचा घाव ठरलेला, बारीक काठीची भर दर फेरीला वेगळी. पहिल्यांदा ऐकताना गाणं, गिटार सगळं सोडून फक्त तेवढंच ऐका.

'एगे बाम्यासी'वरचं 'वन मोअर नाइट' सात मात्रांचं आहे. तबल्याचा माणूस लगेच रूपक म्हणेल. त्यातली टाळी-खाली इथं शोधायची नाही, नाहीतर समेवरनं भांडण लागेल. बासचा तुकडा जिथं परत पहिल्यापासून सुरू होतो तिथं एक धरून सात मोजत जा. 'स्पून'मध्ये खाली रिदम मशीन चालू आहे आणि लीबेत्साइट तिच्यावर वाजवतोय, दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात का बघा. हे गाणं जर्मनीत टीव्हीवरच्या 'दास मेसर' या मालिकेमुळं गाजलं, आणि अल्बमला माल कमी पडत होता म्हणून शेवटी जोडलं.

आणखी एक. देवल क्लबातल्या बैठका ऐकून कान तयार झालेला माणूस इथं बढतीची, म्हणजे राग हळूहळू फुलत जाण्याची, वाट बघत बसतो. गायक पुढं, बाकीचे साथीला, असा मामलाच नाही. डामोचा आवाज मुद्दाम खाली दाबलेला आहे. शब्द थोडे इंग्रजी, थोडे जपानी, उरलेले तोंडाला येतील ते. अर्थ लावत बसलात तर हाताला काही लागणार नाही. 'ओ येऽ'च्या सुरुवातीला तर आवाजाची टेपच उलटी फिरवलीय.

मंगळवार_पेठ_बी_बाजू

माझं मत वेगळं. मंडळी तालातली असली तरी पहिला 'फ्यूचर डेज'च लावा. 'एगे बाम्यासी' ऐकून लोकांना वाटतं हा फंक (नाचाच्या ठेक्याचा) बँड आहे, आणि मग पुढं रुसतात. 'फ्यूचर डेज'ची दुसरी बाजू म्हणजे 'बेल एअर' हे एकच वीस मिनिटांचं गाणं. त्यात ड्रम इतके हलके आहेत की चहा ओतल्याचा आवाजसुद्धा आड येतो. यानंतर डामो गेला.

त्यापुढचा 'सून ओव्हर बाबालुमा' (१९७४) फार कमी लोक ऐकतात, का ते देव जाणे. गिटारवाला मिखाएल कारोली गातोही आणि 'डिझी डिझी'त व्हायोलिनही वाजवतो. दोन ट्रॅकच्या टेपवर केलेला हा शेवटचा अल्बम. 'लँडेड'पासून (१९७५) सोळा ट्रॅकचं मशीन आलं. मग ज्यानं त्यानं आपापलं वेगळं वाजवायची सोय झाली, आणि एकमेकांचं ऐकून वाजवणं तिथंच पातळ झालं. 'फ्लो मोशन'वरचं (१९७६) 'आय वाँट मोअर' इंग्लंडात चाललं, नाचायला ठीक आहे. 'सॉ डिलाइट'मध्ये (१९७७) ट्रॅफिक या बँडमधले रॉस्को जी आणि रीबॉप आले, बास रॉस्कोकडं गेला आणि चुकाय शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन बसला. 'आउट ऑफ रीच'मध्ये (१९७८) चुकाय नाहीच. तो शेवटी ऐका, किंवा राहू द्या.

'कॅनिबालिझम' (१९७८) आणि 'अँथॉलॉजी' हे संग्रह टाळा. लांब गाणी त्यात छाटलेली आहेत. आधीच कापून बेतलेल्या गाण्याला दुसऱ्यांदा कात्री लावली की आवर्तनाचा दाब चढायच्या आतच गाणं संपतं. आणि फोनवर 'हॅलेलुवा' शोधलं तर कधी कधी छोटी आवृत्ती वर येते. साडेअठरा मिनिटांची आहे का ते बघूनच लावा.

रंकाळा_वारा

सगळ्यांना धन्यवाद. गाळ्यावर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे. एकजण म्हणतोय गणपतीतला मोठा बेस आणतो. आणू दे काय?

उद्यमनगरचा_फिटर

नको नको. गाळ्यात तो बेस लावला की पत्रा नि शटर वाजणार, चुकाय नाही. पण नुसत्या छोट्या स्पीकरवरही भागत नाही. बासची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्‌झ, आणि छोटा स्पीकर तिथवर उतरतच नाही. नोट्सच्या वरच्या छटा तेवढ्या ऐकू येतात नि माणसाला वाटतं बास नाहीच. पाच-सहा इंची कोन असलेले दोन साधे स्पीकर वायरनं जोडा, मधे दोनेक मीटर अंतर, भिंतीपासून हातभर पुढं. कोपऱ्यात ठेवलेत तर बास फुगतो आणि ड्रमचा पायाचा घाव त्यात बुडतो.

बास बूस्ट बंद ठेवा. गायकाचा आवाज कळत नाही म्हणून इक्वलायझरनं मधली पट्टी वर घेऊ नका. १९७४ पर्यंतचं सगळं दोन ट्रॅकवर एकत्र रेकॉर्ड झालंय. डामोला वर काढायला गेलात की स्नेअर आणि गिटारही त्याच्याबरोबर वर येतात, आणि कान किटतात.

फोनच्या सेटिंगमधला क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करायची सोय) शून्यावर आणा. 'बाबालुमा'वरचं 'चेन रिअॅक्शन' न थांबता 'क्वांटम फिजिक्स'मध्ये शिरतं. क्रॉसफेड असला तर तो सांधा चिखल होतो, आणि गॅपलेस (गाण्यांमधे न थांबता वाजवायची सोय) बंद असेल तर मधे टकदिशी खड्डा पडतो. आवाज समान करायची सोय असेल तर ती अल्बमप्रमाणे लावा, गाण्याप्रमाणे नको. नाहीतर हळू गाणी उगाच फुगवली जातात.

शनिवारसाठी: 'एगे बाम्यासी' पूर्ण, चहा, मग 'डेड पिजन स्वीट', शेवटी 'हॅलेलुवा'. सत्तर-बहात्तर मिनिटांत आटोपतं. साडेसातला बसलात तर नऊच्या आत शटर खाली.

सम_आणि_खाली

आणि मंडळींना रुचलं तर पुढच्या बैठकीला लाइव्ह. तिथं चुकायची कात्री नाही, मैफिलीत जे सुचलं ते वाजलं. 'लाइव्ह इन श्टुटगार्ट १९७५' (२०२१) नव्वद मिनिटांचा आहे. गाण्यांना नावंच नाहीत, नुसते जर्मन आकडे, आणि तिसरा तुकडा अर्ध्या तासाच्या वर जातो. ओळखीचं काही पाहिजे असेल तर आधी 'लाइव्ह इन पॅरिस १९७३' (२०२४) लावा, त्यात डामो आहे. दोन्हींतले तुकडे क्रमानंच वाजू देत, शफल बंद आहे का तेवढं बघून घ्या.