हिज्कीया राजाचं ‘माझ्या दिवसांत तरी’: नम्रपणा की हात झटकणं?

भुसावळकर:
रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) तरुणांपुढे बायबलमधल्या यहूदाच्या हिज्कीया राजावर बोलायची पाळी माझी आहे. २९ वर्षं राज्य केलं, मोशे संदेष्ट्यानं पूर्वी बनवलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळायला लागले तर तोही फोडून टाकला. इथवर ठीक. अडतो तो बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकातल्या अध्याय २० वर. माणूस मरणाच्या दारातून परततो, अंजिराच्या ढेपेनं गळू बरं होतं, १५ वर्षं वाढवून मिळतात. मग बाबेलहून (बॅबिलोनहून) पाहुणे येतात, तर हा सोनं, रुपं, सुगंधी तेल, हत्यारं, सगळं उघडून दाखवतो! यशया संदेष्टा म्हणतो, हे सगळं बाबेलला जाईल, तुझे वंशजही. राजा म्हणतो, बरं आहे, माझ्या दिवसांत तरी शांती राहील ना.

उगाच विचारत नाही. गेल्या वर्षी माझी बायपास झाली. भेटायला येईल त्याला आधी मळ्यात नेऊन नवीन बोअर दाखवायचो. छातीवर टाके ताजे, आणि तोंडात ‘साडेसहाशे फूट!’

केळीवाला, रावेर:
काका, तुमचं बोअर लागलं तेव्हा शेजारच्या विहिरीचं काय झालं?

भुसावळकर:
उन्हाळ्यात आटली. आधी आटत नव्हती.

पांझराकाठ:
राजाला एवढं झोडपू नका भाऊ. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला त्या काळात यानंच गीहोन झऱ्याचं पाणी यरुशलेम शहरात आणलं. खडकातून सुमारे ५३३ मीटर बोगदा, दोन्ही टोकांनी खोदत आणलेला. मधे थोडा खडक उरला तेव्हा पलीकडच्यांची हाक ऐकू आली, असं १८८० मध्ये तिथं सापडलेल्या लेखात कोरलंय. गंमत म्हणजे त्यात राजाचं नावच नाही. आमच्याकडे फडाच्या (सामाईक पाटपाण्याच्या) बंधाऱ्यावर तरी कुणाचं नाव शे? पाटकरी पाळीनं पाणी सोडतो, वरचा-खालचा सगळ्यांचं भिजतं.

रुथताई:
हिज्कीयाचा मुलगा मनश्शे बापामागून गादीवर बसला तेव्हा १२ वर्षांचा होता. म्हणजे वाढवून मिळालेल्या त्या १५ वर्षांतच जन्मला. बापानं ‘माझ्या दिवसांत’ म्हटलं तेव्हा पोरगं एक तर पाळण्यात, नाही तर पोटातसुद्धा नव्हतं.

भुसावळकर:
हा हिशेब मी कधी केलाच नव्हता, ताई. माझा नातू तिसरीत आहे.

बोगद्यापासून सुरू करतो. बोअरचंही सांगावं लागेल. विहीरवाला शेजारी आमच्याच मंडळीतला, पुढच्याच बाकावर बसतो.