सॉफ्टबॉल रिक्रूटिंग: अकरावीच्या सुरुवातीलाच कमिट करावं का?

टेक्सासची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो, लेक आत्ताच अकरावीत गेली म्हणजे २०२७ ची बॅच, कॅचर आहे आणि गेली बरीच वर्षं ट्रॅव्हल बॉल (शाळेबाहेरच्या क्लब टीमकडून, गावोगावी स्पर्धा) खेळतेय. १ सप्टेंबर उजाडायच्या आत, रात्री बारालाच कॉलेजांच्या कोचचे मेसेज यायला लागले. एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळातला सगळ्यात वरचा गट) कॉलेजच्या कोचबाईंनी आठवडाभरात तोंडी ऑफर दिली, ट्यूशनच्या साधारण ४० टक्के, आणि दोन आठवड्यांत सांगा म्हणाल्या. कॉलेज ठीक आहे, पण आम्ही अजून पाहिलेलंही नाहीये. हिला इंजिनियरिंग करायचंय, आणि ईस्ट कोस्टचं एक डिव्हिजन थ्री (खेळाची स्कॉलरशिप न देणारा गट) कॉलेजही तिच्यात इंटरेस्ट दाखवतंय. टीममधल्या मुलींचे इन्स्टावर कमिट झाल्याचे (कॉलेजला शब्द दिल्याचे) फोटो रोज येतायत, ती ते बघते आणि गप्प बसते. आमच्या घरात या वाटेने कोणीच गेलेलं नाही, त्यामुळे विचारतेय, एवढ्या लवकर शब्द द्यावा का?

तिसरा_बेस:
ताई, आधी अभिनंदन, पहिल्या आठवड्यात ऑफर येणं सोपं नाही. माझी मुलगी सध्या डिव्हिजन वनमध्ये खेळतेय म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०१८ च्या आधी सातवी-आठवीतल्या मुली कमिट व्हायच्या, मग एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) नियम केला की अकरावीच्या १ सप्टेंबरआधी कोचने रिक्रूटिंगचं बोलायचंच नाही. म्हणजे ही तारीख बोलणं सुरू व्हायची आहे, पण लोकांनी तिची डेडलाइन करून टाकलीय. दुसरं म्हणजे तोंडी कमिटमेंट कोणालाच बांधत नाही, तुम्हालाही नाही आणि कॉलेजलाही नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे अमुक कॉलेजात जाणार असं बांधून घेणारं सहीचं पत्र, २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झालं, आता स्कॉलरशिपच्या करारावर सही होते तीही बारावीच्या नोव्हेंबरात. तोपर्यंत वर्षभराच्या वर काळ आहे, मधे कोच नोकरी बदलू शकते आणि नवीन कोच जुन्या कोचचा शब्द पाळेलच असं नाही. म्हणून मी तर म्हणेन की कॉलेज न बघता हो म्हणूच नका. १ सप्टेंबरपासून ऑफिशियल व्हिजिट चालते, खर्च कॉलेज करतं, तेव्हा सरळ सांगा की व्हिजिट झाल्यावर उत्तर देतो. आणि हे मुलीनेच फोनवर सांगू दे, कोच लोकांना आईबापांपेक्षा तिच्याशी बोलायचं असतं.

पिचरमॉम:
दादांचं बरंचसं पटतं पण थांबायलाही किंमत पडते हे सांगायला हवं. पिचर आणि कॅचर यांच्या जागा एका बॅचमध्ये एक नाहीतर दोन असतात, तुम्ही वसंतापर्यंत थांबलात तर कोच यादीतल्या पुढच्या मुलीला फोन करणार, आणि त्यात कोचचं काही चुकत नाही, तिलाही टीम उभी करायचीय. त्यात २०२५ च्या हाऊस सेटलमेंटनंतर (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेल्या खटल्यातला समझोता) ज्या कॉलेजांनी ते स्वीकारलंय तिथे टीममधल्या खेळाडूंची संख्या २५ वर थांबते. आधी १२ स्कॉलरशिप वाटून द्यायचे आणि टीम हवी तेवढी मोठी ठेवता यायची, आता स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण माणसं मोजकी. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) कॉलेजात खेळून तयार झालेल्या कॅचर मिळतात, त्यामुळे शाळेतल्या मुलींना जागा आणखी कमी. आउटफिल्डर असती, किंवा उशिरा उंची-ताकद येणारी असती तर मी बिनधास्त थांबा म्हटलं असतं. कॅचरला मात्र महिनाभराची मुदत मागा, सहा महिन्यांची नको. आणि दोन प्रश्न नक्की विचारा, माझ्या बॅचमध्ये अजून किती कॅचर घेताय, आणि हे ४० टक्के चारही वर्षांसाठी लिहून देणार की दरवर्षी नव्याने ठरणार? वर्षावर्षाचा करारही असतो, आणि घरचं गणित त्यावरच आहे.

बॉस्टनकर:
मी इंजिनियरिंगच्या बाजूने लिहितो कारण वर कोणीच त्यावर बोललं नाही. लॅब दुपारी असतात आणि प्रॅक्टिसही दुपारीच. बरीच डिव्हिजन वन कॉलेजं हो हो म्हणतात आणि मग सेकंड इयरला मुलगी मेजर (मुख्य विषय) बदलते. कोचला विचारा, आत्ता टीममध्ये इंजिनियरिंगच्या किती मुली आहेत, आणि त्यातल्या एकीशी फोनवर बोलायला मिळेल का. डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण मेरिट आणि नीड एडमुळे (मार्कांवर आणि घरच्या गरजेवर मिळणारी मदत) कधीकधी शेवटचा आकडा ४० टक्केवाल्या ऑफरपेक्षा कमी येतो, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा करून आपल्याला किती भरावं लागेल ते दाखवणारा) आहे, आजच रात्री बसून भरा. खेळ कच्चा असतो हा गैरसमज आहे, टफ्ट्सने २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं डिव्हिजन थ्रीचं सॉफ्टबॉल विजेतेपद जिंकलंय आणि तिथे इंजिनियरिंग आहे. फक्त तिथलं वेळापत्रक वेगळं, अशी बरीच कॉलेजं अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात अॅडमिशन ऑफिसकडून मार्क आधी तपासून घेतात आणि मग अर्ली डिसिजनने (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं मान्य करून) अर्ज करायला सांगतात. म्हणजे डिव्हिजन वनला आत्ता नाही म्हणून तिकडे जाणार असाल तर पुढचे नऊ-दहा महिने हातात काही नसताना काढायची मनाची तयारी हवी. ते लेकीला झेपेल का हे तुम्हीच ओळखाल. गुडघा दुखावला आणि खेळ कायमचा सुटला तरी या कॉलेजात चार वर्षं राहशील का, हे एकदा तिला शांतपणे विचारा.

टेक्सासची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीने स्वतः फोन केला, आधी हात थरथरत होते पण छान बोलली. कोचबाई ऑक्टोबरमधल्या व्हिजिटपर्यंत थांबायला तयार झाल्या, लेकीच्या बॅचमध्ये दुसरी कॅचर घेणार नाहीत असंही म्हणाल्या. इंजिनियरिंगच्या दोन मुली आहेत, एकीचा नंबर दिलाय. बॉस्टनकर, तुमचा गुडघ्याचा प्रश्न तिला विचारला, म्हणाली कॉलेज बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, मला ते उत्तर आवडलं. डिव्हिजन थ्रीच्या कोचलाही हे सगळं खरंखरं कळवलंय. आता व्हिजिटला गेल्यावर नक्की काय बघायचं?

पिचरमॉम:
प्रॅक्टिस शेवटपर्यंत बघा, आणि ज्या मुलींना खेळायला मिळत नाही त्यांच्याशी कोच कशी बोलते तिकडे लक्ष ठेवा. रात्री लेकीला टीममधल्या मुलींबरोबर राहू दे, तुम्ही हॉटेलवर जा. पैशाचं बोलणं मात्र तुमच्यासमोर होऊ दे आणि घरी आल्यावर त्यांच्याकडून ईमेलवर मागून घ्या.