आत्महत्येच्या नोंदीत 72 टक्के पुरुष, मग आधी लक्ष कुणाकडे?

सांख्यिक:
एनसीआरबीच्या (पोलिसांकडच्या नोंदी एकत्र करणारी केंद्राची संस्था) 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या आहेत. पैकी पुरुष 1,22,724, स्त्रिया 48,172. दोन तृतीयांश मृत्यू 18 ते 45 वयातले, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवरच्या माणसांचे. राज्यांत महाराष्ट्र पहिला, 22,746. त्यामुळे प्रतिबंधाचा पहिला पैसा मजूर नाक्यावर, बांधकामाच्या साइटवर आणि दारू सोडवणाऱ्या उपचारांवर जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

निशिगंध:
साफ असहमत. 2016 साली जगात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी 36.6 टक्के भारतीय होत्या, पुरुषांत हाच वाटा 24.3 टक्के. अठराच्या आत तर मुलींचा आकडा मुलांपेक्षा जास्त आहे. 2022 मध्ये गेलेल्या स्त्रियांत 25,309 गृहिणी होत्या. नाक्यावरच्या शिबिरात त्या येणार कुठून?

सांख्यिक:
आपल्याकडे बहुसंख्य प्रौढ स्त्रियांची नोंदच 'गृहिणी' अशी होते. मग मृतांतही निम्म्याहून अधिक त्याच दिसणार. एवढ्यावरून जोखीम ठरत नाही.

निशिगंध:
हे मान्य. पण 72 टक्क्यांवर तुमचा इतका भरवसा कसा? लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेने आत्महत्या केली, तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. ती टाळायला घरचे 'अपघात' सांगतात आणि पंचनाम्यात तेच उतरतं. 2010 साठी घरोघरी विचारपूस करून काढलेला अंदाज (वय 15 च्या पुढे) बघा: पुरुष 1,15,000, स्त्रिया 72,000. त्याच वर्षी पोलिसांकडे, सगळ्या वयांचे मिळून, 87,180 आणि 47,419. म्हणजे पुरुषांचा अंदाज नोंदीपेक्षा सुमारे 32 टक्क्यांनी जास्त, स्त्रियांचा 52 टक्क्यांनी!

वाटाड्या:
वयोगटांचं काय? एनसीआरबीचा 18-30 हा गट बारा वर्षांचा, 30-45 पंधरा वर्षांचा, साठीपुढच्याला तर वरची मर्यादाच नाही. या आकड्यांची थेट तुलना केली की म्हातारी माणसं सुरक्षित वाटतात, कारण मुळात त्यांची लोकसंख्याच कमी. जिल्ह्यापुरतं काम करायचं तर पोलिसांकडच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदींतून पाच-पाच वर्षांचे गट पाडा, स्त्री-पुरुष वेगळे, आणि त्या त्या गटाच्या लोकसंख्येने भागून लाखामागे दर काढा. तालुक्याचे आकडे लहान असतात, दोन-चार मृत्यूंनी दर उड्या मारतो. म्हणून तीन वर्षं एकत्र धरा.

निशिगंध:
आणि तरुण स्त्रियांसाठी बाळंतपणानंतरच्या गृहभेटी वापरा. आशाताईंनी सासूसमोर नाही, एकटीला गाठून सरळ विचारावं, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती आधी काढा, तसं होत नाही. "हो" आलं तर तिला एकटं न सोडता तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (14416) फोन लावून द्यावा आणि पुढच्या आठवड्यात परत जावं. नुसता नंबर चिकटवलेला कागद पुरत नाही.

सांख्यिक:
गृहभेटींना विरोध नाही. पण पस्तिशीच्या मजुराला आरोग्यसेवेची अशी एकही ठरलेली भेट नसते. त्याच्यासाठी ती नव्याने उभी करावी लागते, खर्च तिथेच आहे. म्हणून पहिला पैसा तिकडेच मागतोय.