फ्रान्समध्ये हनिमून रोड ट्रिप, पॅरिस ते नीस. रूट कसा आखू?

सायली_पुणे
नमस्कार मंडळी, मे एंडला लग्न आहे आणि हनिमूनला मालदीव-बाली नको यावर दोघांचं एकमत झालंय, त्यामुळे जूनमध्ये फ्रान्सला जाऊन गाडीने फिरायचं चाललंय. बारा दिवस मिळतील. पॅरिसला गाडी घ्यायची, मों सां मिशेल, मग लुआरचे राजवाडे, तिकडून कोल्मार, मग आल्प्सचे घाट, लॅव्हेंडरची शेतं आणि शेवटी नीस. होणाऱ्या नवऱ्याने एक्सेल केलंय त्यात रोज पाच-सहा तास ड्रायव्हिंग दिसतंय. ताम्हिणी, वरंध दोघांनीही केलेत पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधीच नाही चालवली. मी पक्की शाकाहारी. लायसन्स, घाट, खाणं, जे सुचेल ते सांगा.

भटक्या_लियों
अभिनंदन! आता ते एक्सेल बंद करा. मों सां मिशेल पश्चिमेला समुद्रात आणि कोल्मार पार जर्मनीच्या सीमेला, मधलं अंतरच आठशे किमीच्या वर, म्हणजे हनिमूनचा एक अख्खा दिवस हायवेवर टोल भरत. पॅरिसमध्ये गाडी घेऊच नका, पार्किंगला जागा नाही आणि मेट्रो दारात आहे. तीन-चार दिवस पॅरिस करा, मग टीजीव्हीने (तिथली अतिवेगवान रेल्वे) अविन्यों गाठा, पावणेतीन तासांच्या आत सोडते, आणि गाडी तिथल्या स्टेशनवरच घ्या. बाकी सगळे दिवस फक्त दक्षिणेला. अविन्यों, गोर्द, रूसियों (इथले डोंगर गेरूचे, गावातली घरंही त्याच रंगाची), वालांसोल, मुस्तिये, वेर्दोंची दरी, कास्तेलान, ग्रास, नीस. कास्तेलान ते ग्रास हा रूट नेपोलियनचा तुकडा आहे, १८१५ मध्ये एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून निसटून आल्यावर नेपोलियन ह्याच वाटेने वर ग्रनोबलकडे गेला होता, तुम्ही उलटे उतराल. कुठेच रोज तीन तासांच्या वर चालवायला लागत नाही.

गौरी_मोघे
तारखा जमल्या तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात ढकला. वालांसोलचं लॅव्हेंडर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, नंतर कापणी सुरू होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर हिरवे गड्डे बघून याल. आणि आल्प्सचे मोठे घाट, गालिब्ये (२६४२ मीटर) किंवा इझरां (२७६४ मीटर), बर्फामुळे कधीकधी जूनमध्येही बंद असतात, त्यामुळे त्यावर हॉटेल बुकिंग अडकवू नका.

अजून एक, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर व्हिसा, तिकीट सगळं त्याच नावाने करा. लग्नानंतर लगेच नाव बदलायची घाई कोणी करत असेल तर परत आल्यावर बघू म्हणा!

घाटवेडा
वेर्दोंला रूट दे क्रेत सोडू नका. ला पालू गावातून निघून परत तिथेच येणारा छोटा रस्ता आहे, मधला तुकडा वन-वे, त्यामुळे गावाच्या कास्तेलानकडच्या बाजूने शिरायचं, उलटं गेलात तर अर्ध्यातून परत फिरावं लागतं. कठड्याशी उभं राहिलं की खाली हिरवं पाणी आणि मध्येच गिधाडं आपल्या पायाखालून घिरट्या घालत वर येतात, पंखाची पिसं वेगवेगळी दिसतात इतक्या जवळून. सकाळी लवकर जा, दुपारी मोटारसायकलवाल्यांची जत्रा असते.

लायसन्स: आरटीओकडून आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढा, परिवहनच्या साइटवर अर्ज होतो, आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला, नाहीतर इन्शुरन्स लागू नाही. डिपॉझिटला ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच बुक करा, तिथे मॅन्युअल जास्त, आणि गिअर उजव्या हाताला येतो. गावातल्या बारीक चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो तुमच्याकडे बघणारही नाही, सरळ येईल. पंपावर गाझोल म्हणजे डिझेल, तेवढं लक्षात ठेवा.

सायली_पुणे
सगळ्यांचे खूप आभार, एक्सेलवाल्याला हा धागा दाखवला, कोल्मार जड मनाने उडवलंय. पण घाटवेडा, एकही आल्प्सचा घाट नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पडलंय. आणि शाकाहारीचं काय?

घाटवेडा
मग नीसहून एक दिवस आल्प्समधल्या बोनेत घाटाकडे. खिंड २७१५ मीटरवर आणि वरचा फेरा २८०२ पर्यंत जातो. रस्ता उघडा आहे का ते आदल्या दिवशी बघायचं, बंद असेल तर नीस-मांतोंच्या मधली ग्रांद कॉर्निश करा, खाली समुद्र आणि एझ गाव, त्याचं तोंड आपोआप वर येईल.

गौरी_मोघे
नीसला सोक्का मिळतो, चक्क हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तव्यावर भाजलेलं, वर फक्त मिरपूड. बाकी रातातुई (वांगी-टोमॅटो वगैरेंची मिक्स भाजी), चीज, ब्रेड आणि बाजारातली फळं. मात्र सूपमध्ये मांसाचा स्टॉक असू शकतो, विचारून घ्या. खेड्यात किचन दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते थेट संध्याकाळी सातला उघडतं, रविवार-सोमवार तर बऱ्याच ठिकाणी शुकशुकाट. थेपले-चिवडा गाडीत हवाच.