मार्कंड्याचा विकास: आधी घाट की आधी कमान?

वैनगंगाकाठ:
महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला (ता. चामोर्शी, जि. गडचिरोली) महादेवाच्या जुन्या देवळांपाशी पाय ठेवायला जागा नसते. तेलंगणातूनही माणसं येतात. वैनगंगा इथं उत्तरवाहिनी, म्हणून स्नानाचं महत्त्व. आदिवासी भाविक वाजतगाजत आपले देव आंघोळीला आणतात. आणि त्याच रेतीत ओलं लुगडं बदलायचं तर चौघींनी चादर धरून आडोसा करायचा! ‘तीर्थक्षेत्र विकास’ म्हटलं की मात्र आपल्याला सुचते स्वागत कमान, उंच खांबावरचे हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक. आधी कपडे बदलायच्या खोल्या, संडास, प्यायचं पाणी द्या. देखावा नाही झाला तरी चालेल. तिथली शांतता घालवू नका.

प्रसादवाला:
भाऊ, तुम्ही जत्रेला येता नि जाता. आम्ही बाराही महिने इथंच. जत्रा उठली की दुकानात माश्या मारतो. एवढी कोरीव देवळं! उजेड, धड रस्ता, मुक्कामाची सोय असेल तर लोक वर्षभर येतील. आमची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांना गावातच काम मिळेल. शांततेनं चूल पेटते का?

जुनादगड:
देवळं संरक्षित स्मारक आहेत. कायद्यानं १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणून भक्तनिवास चामोर्शीच्या रस्त्याला बांधा. मुख्य देवळाची दुरुस्ती वर्षानुवर्षं रेंगाळली, तेव्हा कमानवाले कुठं होते?

गडचिरोलीची लेक:
मला घाट पक्काच हवा. आईचे गुडघे गेलेत, रेतीतून तिला दोघींनी धरून न्यावं लागतं. म्हाताऱ्यांनी हाल सोसले तरच दर्शन खरं, हे मला पटत नाही. पायऱ्या बांधा, कठडा लावा.

वैनगंगाकाठ:
ताई, कठडा शंभर टक्के मान्य. फक्त अख्खा काठ सिमेंटनं बुजवू नका, देव मांडायला रेती मोकळी राहू द्या. दादा, मुक्कामाचंही पटलं. आपल्या विदर्भातल्याच गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला देवळं नाही, धर्मशाळा बांधल्या. तसं काही इथं होऊ द्या की.

प्रसादवाला:
धर्मशाळा चालेल. पण तिचं स्वयंपाकघर गावातल्या बचत गटाच्या बायांकडं पाहिजे, दुकानांचे गाळेही गावालाच. बाहेरच्या कंत्राटदाराला देणार असाल तर माझा विरोध आत्ताच लिहून घ्या.