तातडीने मदत हवी: शुगर २३८, जेवण बंद केलं तरी बाबांची चक्कर थांबत नाही

रामबाग_७ · वसुबारस, दुपारी ४.०५
कृपया लवकर सांगा. बाबांची शुगर २३८ आली. घरात फराळ चालू आहे, त्यामुळेच वाढली असणार. म्हणून दुपारचं जेवण दिलंच नाही, फक्त ताक दिलं. तरी चक्कर येते म्हणतात. घाम आलाय, हात थरथरतायत आणि सगळ्यांवर चिडतायत. डॉक्टर बाहेरगावी आहेत, फोन लागत नाही. रात्रीची गोळी आत्ताच देऊ का?

सुदामानगरची_ताई · ४.०८
वय किती? गोळ्या कोणत्या? २३८ कधी आली? सकाळी काय खाल्लं? आणि गोळी आत्ता अजिबात देऊ नका.

मेथीदाणा · ४.०९
गोळीपेक्षा कारल्याचा रस द्या, अर्धी वाटी. आणि रोज रात्री मेथी भिजवून सकाळी चावून खायची. माझ्या सासऱ्यांना तीन महिन्यांत फरक पडला.

राजवाडा_भिया · ४.१०
साखरेचे लाडू करताच कशाला? आमच्याकडे सगळं गुळाचं असतं. गूळ बाधत नाही.

सुदामानगरची_ताई · ४.११
गूळ म्हणजे पण साखरच, भिया. आईची शुगर आम्ही गुळानेच वाढवून ठेवली होती. हा वाद नंतर करू.

रामबाग_७ · ४.१३
वय ७४. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री नुसती मेटफॉर्मिन. गोळी घेऊन आठला पोहे खाल्ले. नंतर आईबरोबर रव्याचे लाडू वळायला बसले, मधेच उठवून साडेअकराला शुगर मोजली. गोळी का नको ते तरी सांगा!

निवृत्त_सिस्टर · ४.१५
मोजायच्या आधी हात धुतले होते का? बोटाला पाक असेल तर यंत्र तो पाकच मोजतं. ते २३८ खरे नसतीलही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. वर आठपासून जेवण नाही. घाम, थरथर, चिडचिड ही शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत.

साबणाने हात धुवून, पुसून लगेच मोजा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजा आणि १५ मिनिटांनी परत मोजा. यंत्र शोधण्यात वेळ जाणार असेल तर आधी साखरपाणी. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

मेथीदाणा · ४.१७
डायबेटीसच्या माणसाला साखर पाजायची? २३८ असताना?

निवृत्त_सिस्टर · ४.१८
माझा अंदाज चुकला तर शुगर थोडी चढेल, ती निस्तरता येते. बरोबर निघाला आणि तुमचं कारलं पाजलं, तर माणूस बेशुद्ध पडेल.

राजवाडा_भिया · ४.२०
मग एक लाडूच द्या की, घरात आहेतच.

निवृत्त_सिस्टर · ४.२१
लाडवात तूप असतं. तुपामुळे साखर उशिरा लागते. पाणीच द्या.

छावणीकर · ४.२४
धागा फराळाचा आहे म्हणून विचारतो, इंदूरात चकलीची चांगली भाजणी कुठे मिळते? पुण्याहून मागवलेली यंदा कडू निघाली.

सुदामानगरची_ताई · ४.२५
छावणीकर, जरा थांबा. रामबाग_७, काय झालं? लिहा काहीतरी.

रामबाग_७ · ४.४४
हात धुवून मोजली तर ५८. साखरपाणी दिलं, १५ मिनिटांनी ८६. घाम थांबलाय. आता आई वरणभात भरवतेय आणि बाबा गप्प बसून खातायत. हात धुतलेच नव्हते, लाडवाच्या परातीवरूनच उठवलं होतं. आमच्यावर चिडले म्हणून मघाशी मी त्यांना फार बोलले.

निवृत्त_सिस्टर · ४.४८
चिडणं शुगरचं होतं, त्यांचं नव्हे. त्यांना तसं सांगा. पण आज गाफील राहू नका. या गोळीचा असर दिवसभर टिकतो, शुगर परत उतरू शकते. संध्याकाळी, झोपताना आणि रात्री दोनला मोजा. उद्याची ग्लिमेपिराइड डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. तुमचे नसतील तर दुसऱ्या कुणाला तरी आजच गाठा. किडनीची तपासणी केव्हा झाली तेही सांगा, या वयात किडनी मंद असेल तर ही गोळी अंगात साचते.

सुदामानगरची_ताई · ४.५२
आमच्याकडे हेच उलट्या बाजूने व्हायचं. आई सकाळी दोन करंज्या खायची आणि भरपाई म्हणून दुपारी उपाशी राहायची. आता ठरवलंय, करंजी अर्धी, पण जेवण वेळेवर. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ होते, फराळ मात्र नऊपर्यंत लांबतो. त्या दिवशी गोळी पहिल्या घासाबरोबरच, रिकाम्या पोटी नाही.

मेथीदाणा · ४.५५
५८ म्हणजे खरंच खाली होती. माझं चुकलं. मेथी चालू ठेवा मात्र.

राजवाडा_भिया · ५.०२
रामबाग_७, बाबांना बरं वाटलं की सांगा. थंडी सुरू झालीय, सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, आले असतील. पण तळलेले आहेत, बाबांना चालतील का?

रामबाग_७ · ९.२०
आत्ता १३२. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणं झालं, उद्या सकाळी फक्त मेटफॉर्मिन, परवा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. दोनचा अलार्म लावलाय. आई जवळ झोपणार आहे, साखरेचा डबा उशाशी ठेवलाय. छावणीकर, आमची भाजणी घरची आहे, हवी तर आईला विचारून प्रमाण लिहिते.