कांदा महागला की पहिलं पान, केळी आडवी झाली की खालची पट्टी. असं का?

रावेरकर: भो एक विचारायचं होतं. मे-जूनमधे वादळ आलं की इकडे रावेर-यावल पट्ट्यात घडांसकट केळीच्या बागा आडव्या होतात, अन चॅनलवर ती बातमी खालच्या पट्टीत दोनदा सरकते की गायब. दादरला गुडघाभर पाणी साचलं तर रात्रीपर्यंत तेच दाखवून राहतात. पुण्यातला पुतण्या म्हणतो, काका तुमच्याकडे काही झालंय हेच माहीत नव्हतं. मुद्दाम करतात का हे?

धुळेवाला: मुद्दाम कशाला भाऊ, कॅमेरे मुंबईत अन जाहिरातवाल्यांना पाहिजे तो प्रेक्षकही शहरातलाच. खरी गंमत हेडिंगमधे असते. भाव चढला की 'कांद्याने रडवलं, गृहिणींचं बजेट कोलमडलं', साक्रीच्या शेतकऱ्याला दोन पैसे सुटले हे कोणी लिहीत नाही, अन पडला की आतल्या पानावर बाजारभावाच्या चौकटीत. एक अक्षर खोटं नाही, फक्त गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहिलेलं. मग डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा शहरात कोणाला काय वाटणार?

जळगावची ताई: यावर जुना अभ्यास आहे, मॅककॉम्ब्स अन शॉ यांचा. १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या १०० मतदारांना विचारलं, मुद्दे कोणते महत्त्वाचे? मीडियाने ज्यांना जास्त जागा दिली होती जवळपास तेच लोकांनी सांगितले. आता मीडियामुळे लोकांना तसं वाटलं की लोकांना वाटतं म्हणून मीडियाने छापलं हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण केळी कोणाच्या यादीतच नसेल तर त्यावर मत तरी काय बनणार.

तालुका वार्ताहर: नाव टाकत नाही. पगार नाही, मानधन नावाला, कमाई म्हणजे जाहिरातीचं कमिशन. साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती आम्हीच गोळा करायच्या, मग त्यांच्याच रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी कोणत्या तोंडाने देऊ? निवडणुकीत तर सरळ पॅकेजच. जिल्ह्याला एमसीएमसी म्हणजे निवडणुकीतल्या जाहिराती-बातम्यांवर नजर ठेवणारी समिती असते, पेड न्यूज म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी ठरली तर पैसा उमेदवाराच्या खर्चात धरतात, पण पाकिटाची पावती कोण फाडतं? छापील पेपरांवर लक्ष ठेवणारं प्रेस कौन्सिल ताशेरे ओढतं, दंड करता येत नाही, अन टीव्ही तर त्यांच्याकडे येतच नाही.

रावेरकर: म्हणजे व्हिडिओ आम्हीच टाकायचे? टाकला होता, खाली कॉमेंट 'जुना आहे हा'.

तालुका वार्ताहर: व्हिडिओतच तारीख अन गावाचं नाव बोला. तलाठी पंचनाम्याला आले असले तर तेही घ्या. अन मला पण पाठवा, आतल्या पानावर का होईना लावतो.